न उठलेले हात

गिरणी ताब्यात आली त्या सकाळी हेमालीने सगळ्यात आधी मोजदाद केली. प्लास्टिकच्या खुर्च्या एकतीस, पैकी दोनांचे पाय वाकलेले. लाकडी टेबलं बारा. ट्यूब नऊ, त्यातल्या पेटणाऱ्या सहा. पंखे चार, त्यातला एक फिरला तर पाचावरच फिरणारा, नाहीतर बंद. पिण्याच्या पाण्याचं पिंप एक. मुलींचा संडास एक, आणि त्यात सिमेंटच्या गोणी सतरा. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा एक, इतका जुना की त्यात पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच होतं. मुलं-मुली एकतीस. म्हणजे खुर्चीवाचून कुणी राहणार नव्हतं.

"बत्तिसावी खुर्ची मोजायची राहिली की तुझी," सपना म्हणाली.

बत्तिसावी खुर्ची रस्त्याकडेला होती आणि तिच्यावर मॅनेजर बसलेला होता. चावी देणार नाही आणि उठणारही नाही, असं तो म्हणाला, तेव्हा धर्मेशने त्याला खुर्चीसकट उचलून बाहेर नेऊन ठेवलं होतं. धर्मेश पोलीस भरतीची तयारी करत होता; रोज पहाटे गोळा फेकायचा.

पालघरहून बोईसरला जाताना डाव्या हाताला ही भाताची गिरणी लागते. मालक जितेशशेठ. भात भरडणं बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मागच्या निवडणुकीआधी शेठने आत टेबलं टाकली, वडिलांच्या नावाची पाटी लावली आणि अभ्यासिका सुरू केली. निवडणूक हरल्यावर त्याचा उत्साह आटला. दिवाळी झाली आणि मॅनेजरने सांगितलं, पंधरा दिवसांत जागा मोकळी करा, कंपनीच्या ड्रमांचं गोदाम होणार आहे. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा फेब्रुवारीत होती. कुणाच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं, कुणाच्या पाड्यावर संध्याकाळी वीजच नाही. हेमालीच्या घरी, नवापूरला, अंगणापासून माजघरापर्यंत बोंबील, आणि बोंबलांपासून मांजरं हाकलायचं काम जो घरात दिसेल त्याचं. फेब्रुवारीपर्यंत ही जागा टिकली पाहिजे, एवढंच त्या एकतीस जणांना हवं होतं.

"बॅस्टिल पडलं," सपना हात झटकत म्हणाली. "आता चहा कोण ठेवतंय?"

फ्रेंच क्रांतीत लोकांनी पाडलेला हा तुरुंग सगळ्यांना तोंडपाठ होता तो अनुजमुळे. अनुज केळव्याचा. घरी सुपारीची वाडी, इतिहासात एम.ए., दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलेला. शर्टाचं वरचं बटणही लावायचा, चहा घ्यायचा नाही, कुणाच्या डब्यातलं खायचा नाही. राज्यसेवेचा अभ्यासक्रम बदलला आणि त्यात जगाचा इतिहास आला, तेव्हापासून तो रोज संध्याकाळी सहा ते सात सगळ्यांना फुकट शिकवायचा. आधी त्याला चेष्टेने अनुजसर म्हणत. पुढे चेष्टा कधी गळून पडली ते कुणाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी तो फळ्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "राजा गेला. पुढे काय? सतराशे त्र्याण्णवचा फ्रान्स डोळ्यांसमोर आणा. प्रजासत्ताक वर्षाचंही नाही झालेलं. ऑस्ट्रिया, प्रशिया, इंग्लंड, स्पेन, सगळे अंगावर. पश्चिमेला स्वतःचेच शेतकरी बंड करून उठलेले. पॅरिसमध्ये पाव मिळत नाही. सातशेवर माणसांच्या सभेने हे सगळं बसून ठरवायचं म्हटलं तर काय होईल?"

"आपल्या ग्रामसभेसारखं," मंगळ्या म्हणाला. "समोसे संपले का सभा संपली."

सगळे हसले. अनुजही किंचित हसला.

"म्हणून सभेने आपल्यातलेच काही निवडले. आधी नऊ, मग बारा. सार्वजनिक सुरक्षा समिती. दर महिन्याला सभेने पुन्हा निवडायची, पण महिनाभर तिचा शब्द शेवटचा. सैन्यात काय चाललंय ते बघायला सभेतलीच माणसं पाठवली, सेनापतीला जागच्या जागी काढायचा अधिकार देऊन. आणि फर्मान काढलं, शत्रू हाकलला जाईपर्यंत सगळा देश कामाला. तरुणांनी लढायचं, लग्न झालेल्यांनी शस्त्रं घडवायची, बायकांनी तंबू शिवायचे, पोरांनी जुन्या कापडाच्या पट्ट्या करायच्या, म्हाताऱ्यांनी चौकात बसून धीर द्यायचा. वर्षभरात चौदा सैन्यं उभी राहिली. ज्यांना पाव मिळत नव्हता त्यांनी."

मग धर्मेशने विचारलं, "आपल्यात किती जणांची करायची?"

पाच जणांची केली. अनुज, सपना, धर्मेश, हेमाली आणि मंगळ्या. धर्मेशकडे गेट, सपनाकडे स्वयंपाक आणि साफसफाई, हेमालीकडे वीज आणि मोजदाद, मंगळ्याकडे पाणी.

मंगळ्या मासवणकडचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. बी.एस्सी. झालेल्या हेमालीच्या शेजारची खुर्ची त्याची. वाचताना त्याचे ओठ हलायचे, आणि पाय कायम खुर्चीवर घेतलेले. हेमालीचा डबा उघडला की तो नाक वर करून म्हणायचा, "आला, नवापूरचा समुद्र आला." ती म्हणायची, "तुमच्या डोंगरात खेकडे तरी मिळतात का?" तो म्हणायचा, "मिळतात. पण ते बी.एस्सी. नाय."

पहिल्या आठवड्यात कायदे झाले. अनुजला फ्रेंचांसारखा दहा दिवसांचा आठवडाही करायचा होता, म्हणजे सुट्ट्या कमी होतील. सपना म्हणाली, "आणि माझा सोमवार दहा दिवसांनी आला तर महादेवाला काय सांगू, पॅरिसहून आदेश आहे म्हणून?" तो कायदा पडला. बाकीचे टिकले. त्यातला मतदानाचा कायदा हेमालीने केला होता.

तो केला पंख्यावरून. पाचावर फिरणारा पंखा चालू ठेवायचा की बंद, यावर दोन दिवस भांडण चाललं होतं. निम्म्यांना थंडी वाजायची, निम्म्यांना डास चावायचे, आणि बरेच जण कुठल्याच बाजूला हात वर करत नव्हते. हेमालीने फळ्यावर नियम मांडला. जो हात वर करणार नाही त्याचं मत मोठ्या बाजूला धरायचं. दोन्ही बाजूंचे हात सारखे झाले तर आहे तसं चालू. सुटसुटीत नियम होता. पंखा बंद झाला आणि सगळे वाचायला बसले. अनुज तिला म्हणाला, "तू असतीस तर फ्रेंचांचा बराच वेळ वाचला असता." ते तिला दिवसभर पुरलं.

मग जितेशशेठने वीज तोडली. मीटर त्याच्याच नावावर होता. त्याच दिवशी पोलीसही येऊन गेले. कोर्टाच्या कागदाशिवाय कुणाला काढता येणार नाही, पण तुम्ही तरी कशाला भांडता, असं दोन्हीकडे सांगून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंगळ्याने मामाच्या ट्रॅक्टरची बॅटरी सहा आसनी रिक्षात मांडीवर घेऊन आणली. रिक्षावाल्याने बॅटरीचं वेगळं सीट धरलं. धर्मेशने आणखी दोन आणल्या. हेमालीने एलईडीच्या पट्ट्या टेबलांवर सुतळीने बांधल्या, जोडण्या केल्या, आणि अंधार पडायच्या आत बारापैकी बारा टेबलांवर उजेड होता. बॅटऱ्या रोज आळीपाळीने कुणाकुणाच्या घरी चार्ज होऊन येत. नवापूरहून बोंबील येत, केळव्याहून शहाळी, डोंगराकडून तांदूळ. पंधरा दिवस सरले, महिना सरला. औद्योगिक वसाहतीचा उग्र वास संध्याकाळी रस्ता ओलांडून आत यायचा आणि त्या वासातही सगळे खुशीत असायचे. हेमालीला वाटे, पुस्तकातलं खरं असतं ते असं.

बिनसलं ते जनरेटरवरून. बॅटऱ्या आता दमत चालल्या होत्या. समितीने ठरवलं, गुरुवारी सकाळी बोईसरहून भाड्याचा जनरेटर आणायचा. समितीबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुवारी टेम्पो गिरणीशी आला तर फाटकासमोर शेठचा डंपर आडवा. खडी ओतून डंपर निघून गेला. टेम्पोवाला म्हणाला, "भाई, मेरे को लफडे में नहीं पडने का," आणि जनरेटर घेऊन परत गेला.

त्या संध्याकाळी अनुजने शिकवलं नाही. फळा पुसून तो तसाच उभा राहिला.

"बाहेरच्या शत्रूला प्रजासत्ताक घाबरत नव्हतं," तो म्हणाला. "ते घाबरत होतं आतल्याला. म्हणून संशयितांचा कायदा झाला. गुन्हा केला पाहिजे असं नाही. कुणाशी उठबस आहे, काय बोलतो, क्रांतीसाठी आजवर काय केलं ते सांगता येतं का, एवढ्यावरून संशयित. गावोगावी देखरेख समित्या झाल्या. आपल्याकडे काय आहे? पाच जणांना माहीत असलेली गोष्ट शेठला माहीत होती."

"मग पाचातलाच कोणतरी," धर्मेश म्हणाला.

"किंवा टेम्पोवाला," मंगळ्या म्हणाला. "अनुज, मी काय म्हणतो, शेठकडे एकदा जाऊ या ना सगळे. फेब्रुवारीपर्यंत राहू दे बोलू. तो काय राजा नाय. पाया पडलं का विरघळणारा माणूस हाय."

"आणि विरघळला नाही तर?"

"तर पाया पडल्याचा डाग कुठं पुसायला लागतो?"

दोन-तीन जण हसले. अनुज हसला नाही. हेमालीच्या ते लक्षात आलं.

कायदा झाला. गिरणीबाहेर शेठच्या माणसाशी बोललं तर समितीला सांगायचं; लपवलं तर खुर्ची ठेवायची की कायमची काढायची ते सभा ठरवणार. दोन दिवस न सांगता गैरहजर राहिलं तर खुर्ची दोन दिवस जाणार. खुर्ची जाणं म्हणजे काय ते अभ्यासिकेत बसलेल्यालाच कळेल. खुर्चीवर जॅकेट टाकलेलं असतं, टेबलावर पाण्याची बाटली असते, आणि ती जागा तुमची असते. माणूस चार दिवस आजारी पडला तरी जॅकेट त्याच्या जागेवर त्याच्यासाठी अभ्यास करत बसलेलं असतं. पहिल्या आठवड्यात तीन जणांची जॅकेटं खाली जमिनीवर ठेवली गेली. तिघं दोन दिवस भिंतीला टेकून वाचत होते, आणि कुणी मान वर करून त्यांच्याकडे बघत नव्हतं.

मग धर्मेशला मंगळ्या दिसला. बोईसरला शेठच्या नव्या बिल्डिंगपाशी, शेठच्या गाडीत, पुढच्या सीटवर, शेठच्या शेजारी. धर्मेशने फोटो काढला होता. फोटोत मंगळ्याचा चेहरा नव्हता, पण त्याचं हिरवं जॅकेट होतं आणि पाय सीटवर घेतलेले होते.

मंगळ्याने समितीला काहीच सांगितलं नव्हतं.

अनुजने शनिवारी सभा लावली. शुक्रवारी सकाळी हेमाली बसमधून बोईसरला उतरली, तेव्हा मजूर नाक्यावर तिला चिमी दिसली. मंगळ्याची बहीण, मागच्या महिन्यात तांदूळ घेऊन आली होती तेव्हा ओळख झाली होती. डोक्यावर पदराखाली चुंबळ ठेवून ती बाकीच्या बायकांत कामाची वाट बघत उभी होती.

"तू तर शेठच्या बिल्डिंगवर होतीस ना?" हेमालीने विचारलं.

"होती. काढली." चिमीने तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघितलं. "दादामुळं."

"म्हणजे?"

"शेठने दादाला गाडीत बसवला. बोलला, रात्री गेटावर कोण असतं, बॅटऱ्या कोणाच्या घरी जातात, सांग. तुझ्या बहिणीला डोक्यावर घमेलं नको, पाणी मारायच्या कामावर ठेवतो. दादा बोलला, गेटावर मीच असतो, ये कधी पण." तिला हसू आलं आणि मग ते गेलं. "दुसऱ्या दिवशी मुकादम बोलला, तू येव नको."

"मग त्याने आम्हाला का नाही सांगितलं?"

"काय सांगील? माझ्या बहिणीचं काम गेलं, मला शाबास बोला? त्याला लाज वाटते. तुमी त्याच्या शेजारी बसता ना, तुमाला नाय कळत?"

"उद्या सभेत येऊन हे सांगशील?"

"सांगीन की. मना कोण विचारील?"

तेवढ्यात एक टेम्पो थांबला, मुकादमाने चार बोटं दाखवली, आणि चिमी बाकीच्यांबरोबर पळाली.

हेमालीने गिरणीत जाऊन अनुजला बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतलं. त्याची ती सवय चांगली होती.

"बहीण आहे ती," तो शेवटी म्हणाला. "तू विज्ञान शिकलीस. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढशील? आणि तेही ज्याचा हितसंबंध आहे त्याने नोंदवलेल्या?"

"फोटो पण एकच निरीक्षण आहे."

"बरोबर. म्हणून निष्कर्ष मी काढत नाहीये. सभा काढेल."

"मग चिमीला बोलवू दे सभेत."

"नाही. आज एकाची बहीण, उद्या दुसऱ्याचा काका. सतराशे चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये त्यांनी हेच ओळखलं. वकील नाही, साक्षीदार नाही. सभासदाची सदसद्विवेकबुद्धी पुरे. निकाल दोनच. निर्दोष किंवा मृत्यू. आपल्याकडे खुर्ची राहील किंवा जाईल. तुला खात्री असेल तर हात वर कर ना. तुला कोण अडवतंय? फक्त एवढंच, तो उद्या खरंच खबऱ्या निघाला, तर त्याच्यासाठी हात वर करणाऱ्यांना मला विचारावं लागेल. ते मी सभेत आधीच सांगणार आहे. फसवून मत घ्यायला मला आवडत नाही."

तो आत गेला. हेमाली तिथेच उभी राहिली. पूर्वपरीक्षेत चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. म्हणून अभ्यासिकेतलं प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकतं: उत्तर माहीत नसेल तर गोल कोरा सोडायचा. चारातले दोन पर्याय खोडता आले तर मात्र धोका घ्यायचा. हेमाली दरवेळी तीन खोडल्याशिवाय हात लावायची नाही, आणि सराव परीक्षेत तिचे गुण सगळ्यात स्थिर असायचे.

शनिवारी दुपारी चारला सभा भरली. मंगळ्याला फळ्यापाशी उभं केलं. धर्मेशने फोनमधला फोटो टेबलाटेबलावर फिरवला. अनुजने नियम वाचून दाखवले, शेवटी मतांबद्दलचा इशाराही. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, सहा ते सातच्या तासाचा.

"मना काय बोलायला मिळेल का?" मंगळ्याने विचारलं.

"नाही. तो नियम सगळ्यांना सारखा आहे."

"बरं. पिंप रिकामं हाय, तेवढं भरून येऊ? नायतर सभेत कोणाला तहान लागली तर पुन्हा माझ्यावरच येईल."

या वेळी कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ड्रामा बंद कर रे." मंगळ्याने त्या दिशेला बघितलं. मग त्याने हेमालीकडे बघितलं. बराच वेळ नाही. पेपर लिहिताना घड्याळ बघावं इतकाच.

हेमालीने हिशोब मांडला. तीस मतं, कारण मंगळ्याला मत नाही. मंगळ्या सगळ्यांना आवडायचा. पाणी तो भरायचा, बॅटरी त्याने आणली होती, भिंतीला टेकून बसलेल्या तिघांना त्याने आपला डबा दिला होता, आणि ते सगळ्यांनी बघितलं होतं. धर्मेश आणि त्याची सकाळी पळणारी पोरं मिळून नऊ. बाकीचे एकवीस. त्यातले दहा जरी उठले तरी मोठी बाजू मंगळ्याची, आणि न उठलेले सगळे आपोआप त्याच बाजूला. तिचा हात लागणार नव्हता. तिचं कोरं मतही त्यालाच पडणार होतं. नियम तिचाच होता. तिच्याइतका तो कुणाला कळणार?

"खुर्ची जावी," अनुज म्हणाला. "हात वर."

मोजायचं काम तिचंच होतं. तिने मोजले. नऊ. अनुजचा त्यात होता. धर्मेशच्या पोरांतला एक खाली बघत बसला होता.

"खुर्ची राहावी."

सपनाचा हात आधी वर गेला, खांद्यातून, सरळ. मग भिंतीला टेकून बसलेल्या तिघांतला एक. मग दुसरा. मग मागच्या टेबलावरच्या दोघी. सहा. सात. खिडकीजवळच्या मुलाने हात अर्धा वर केला, खाली घेतला आणि पुन्हा वर केला. आठ.

हेमाली नववा शोधू लागली. तिने टेबलं एकेक करून बघितली. प्रत्येक टेबलावर कुणीतरी तिच्यासारखंच इकडेतिकडे बघत होतं. त्या नजरा तिला ओळखीच्या होत्या. सगळ्यांनी तोच हिशोब मांडला होता. सगळ्यांना वाटलं होतं, बाकीचे उठतील.

नऊ झाले असते तर बरोबरी. बरोबरी झाली तर आहे तसं चालू. तिला फक्त हात उचलायचा होता. हातात पेन होतं. ते टेबलावर ठेवायचं की हातात ठेवूनच हात वर करायचा, असा अगदी फालतू प्रश्न तिला त्या क्षणी पडला.

"झालं मोजून?" अनुजने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"किती?"

"आठ."

"आणि कोरे?"

"तेरा."

"तेरा मोठ्या बाजूला. नऊ आणि तेरा बावीस. बावीस विरुद्ध आठ." त्याने ते फळ्यावर लिहिलं. "खुर्ची गेली."

"अगं ए," सपना टेबलावरून वाकून तिला म्हणाली, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, "तुझा हात काय बोंबील निवडायला गेला होता?"

मंगळ्याने जॅकेट खुर्चीवरून उचललं. पुस्तकं त्याने पिशवीत भरली, मोठी खाली आणि लहान वर, घाई न करता. बॅटरीपाशी जाऊन तो थांबला. "ही मामाची हाय," तो म्हणाला. धर्मेश म्हणाला, "ती जनतेची आहे आता." मंगळ्याने अनुजकडे बघितलं. अनुज फळा पुसत होता. मंगळ्या बॅटरी न घेता गेला. त्याची खुर्ची धर्मेशने दाराशी नेऊन ठेवली, पहाऱ्याला बसायला बरी पडेल म्हणून.

बुधवारी बातमी आली, आणि आणली धर्मेशनेच, हसत हसत. जनरेटरवाला जितेशशेठच्या साडूचा भाचा. बुकिंग झालं त्याच संध्याकाळी त्याने शेठला फोन केला होता. "म्हणजे घरचीच लाइन!" धर्मेश म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच कळलं.

सपना अनुजसमोर जाऊन उभी राहिली. "बोलव त्याला परत."

"नाही बोलवता येणार."

"का? पाय मोडलेत तुझे?"

"सभेने निर्णय दिलाय. आज एक निर्णय फिरवला तर उद्या आधीचे तीन फिरवा म्हणतील. शेठला तेच हवं आहे. आणि खबर त्याने दिली नसेल; पण तो गाडीत बसला होता, आणि त्याने ते लपवलं. त्याचा कायदा वेगळा आहे." तो हे सगळं रागावून बोलत नव्हता. "पंचावन्न दिवस राहिलेत. एका माणसासाठी तिसांची जागा घालवायची का, ते तू सांग. हवं तर मत घेऊ."

मत घ्या, असं कुणी म्हणालं नाही.

गुरुवारी ती मंगळ्याला शोधत बोईसरला मजूर नाक्यावर गेली. तिथे तो नव्हता. रस्त्यापलीकडे एक नवी बिल्डिंग उठत होती, तिच्या पायऱ्यांवर चिमी आणि तो रेती चाळत होते. हिरवं जॅकेट त्याने कमरेला बांधलं होतं.

"आलं, नवापूर आलं," तो म्हणाला. चाळण थांबली नाही.

"मंगळ्या, ते जनरेटरचं कळलं. तू नव्हतास."

"मना माहीत होतं मी नव्हतो."

"अभ्यास?"

"चिमी एकटी काम करून पुरत नाय. फेब्रुवारीत देईन पेपर. हॉल तिकीट हाय." त्याने चाळण उपडी केली; खडे बाजूला पडले. "तू मोजत होतीस ना? माझ्या बाजूला किती होते खरे?"

"आठ."

"तुला धरून?"

चिमीने काम थांबवलं आणि कमरेवर हात ठेवून ती हेमालीकडे बघत राहिली.

"नाही," हेमाली म्हणाली.

"कोरा सोडलास." तो हसला, पण त्यात नेहमीचं काही नव्हतं. "बरोबर हाय. मीच तुला शिकवायचो ना, उगाच गोल काळे नको करू म्हणून. जा आता, मुकादम बघतोय. मना काढील. दुसरी बिल्डिंग शोधायची म्हणजे पालघरला जायला लागतं."

चिमी पुढे आली. तिने हेमालीच्या पायाजवळ घमेलं आपटलं, रेती उडेल इतक्या जोरात. "ताई, बाजूला व्हा. काम चाललंय."

हेमाली बसने परतली. गिरणीत बारा टेबलांवर उजेड होता आणि तीस माणसं वाचत होती. सहा वाजता अनुजने शिकवलं. फ्रेंच सैन्याने सतराशे चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात सरहद्दीवर मोठी लढाई जिंकली, शत्रू मागे हटला, प्रजासत्ताक वाचलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. भिंतीला टेकून आता कुणी नव्हतं. कुणी उशिरा येत नव्हतं, कुणी न सांगता जात नव्हतं, चहाच्या सुट्टीतही कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दाराशी मंगळ्याच्या खुर्चीवर आळीपाळीने कुणीतरी बसलेलं असायचं आणि पाणी आता पाळी लावून भरलं जायचं.

रविवारी सराव परीक्षा झाली. उत्तरं तपासायचं आणि सरासरी काढायचं काम हेमालीचं होतं. तिने दोनदा काढली. शंभरपैकी एकसष्ट पूर्णांक चार. मंगळ्या होता त्या शेवटच्या रविवारी, त्याचे गुण वगळून, याच तीस जणांची ती अठ्ठावन्न पूर्णांक एक होती.